रोमन सम्राटांचे पुतळे : पाटीवरचं नाव कशावरून ठरतं?

शिल्परेषा

युरोप-अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयाच्या रोमन दालनात गेलं की संगमरवरी शिरं ओळीनं मांडलेली दिसतात. प्रत्येकाखाली ठाम पाटी असते : ऑगस्टस, नीरो, हेड्रियन, काराकाला. पण शिरावर नाव कोरलेलं नसतं. नाव असायचं चौथऱ्यावर, आणि चौथरा व पुतळा बहुतेक वेळा एकत्र सापडतच नाहीत. बरेचसे पुतळे तर पोपच्या आणि सरदारांच्या संग्रहांतून आले आहेत. ते कुठून खणून काढले याची नोंदही नाही. रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातलं ‘सम्राटांचं दालन’ घ्या. तिथे ६७ अर्धपुतळे आहेत. त्यातला गाभा कार्डिनल अल्बानीच्या संग्रहातला, जो पोप बाराव्या क्लेमेंटनं १७३३ मध्ये विकत घेतला. पाट्या तेव्हापासून आजवर कितीदा तरी बदलल्या आहेत.

माझं मत मांडतो. ओळख पटवताना चेहरा हा सर्वांत कच्चा पुरावा असतो. केसांची मांडणी, मान, डोक्याची मागची बाजू आणि खुद्द दगड यांच्याकडून जास्त कळतं. इथे नाणी, शिल्पतंत्र आणि जतन या विषयांतली जाणकार मंडळी आहेत, म्हणून विचारतो : नाण्यांचा आधार कुठवर चालतो? बदलून घडवलेलं शिर कसं ओळखायचं? आणि दालनात उभं राहून साध्या डोळ्यांनी काय काय तपासता येतं?

नाणेघाट

सुरुवात नाण्यांपासूनच करावी लागते, कारण चेहरा आणि नाव एकाच जागी असण्याची खात्री फक्त तिथे आहे. इ.स.पू. ४४ मध्ये मार्कस मेटियसनं पाडलेल्या दीनारांवर (रोमन चांदीच्या नाण्यांवर) जुलियस सीझरची बाजूनं दिसणारी छबी आहे : लांब सुरकुतलेली मान, पुढे आलेला कंठमणी, माथ्यावर खोलगट झालेली कवटी. रोमजवळच्या ट्युस्क्युलमला सापडलेलं आणि आता तुरीनमध्ये असलेलं शिर या छबीशी जुळतं, म्हणून त्याची ओळख भक्कम मानतात. २००७ मध्ये फ्रान्समधल्या आर्लजवळ रोन नदीतून जे शिर वर आलं, त्यालाही सीझर म्हणून गाजवलं गेलं. त्यात ही लक्षणं तशी दिसत नाहीत, त्यामुळे पाउल झांकरसारख्या अभ्यासकांनी ती ओळख मानली नाही.

मर्यादाही लक्षात घ्या. नाण्यावर एकच बाजू दिसते, व्यास जेमतेम १८-१९ मिलिमीटर, आणि साचा कोरणाऱ्याचा हात प्रत्येक टांकसाळीत वेगळा. नाक आणि हनुवटीची रेषा विश्वासार्ह असते, पण कपाळावरच्या बटा समोरून कशा होत्या हे नाणं सांगत नाही. म्हणून एका नाण्यावर विसंबायचं नाही. एकाच सम्राटाची सात-आठ वर्षांतली, शक्यतो रोमच्याच टांकसाळीतली नाणी शेजारी ठेवायची. प्रांतांतल्या टांकसाळींची नाणी या कामात फसवतात.

बटमोजणी

नाणेघाट यांनी जिथे थांबवलं तिथून पुढे.

सम्राटाचा अधिकृत नमुना रोममध्ये तयार व्हायचा. त्याच्या मातीच्या किंवा प्लास्टरच्या प्रतिकृती प्रांतोप्रांती जायच्या आणि तिथले कारागीर कंपासनं मापं घेऊन संगमरवरात उतरवायचे. चेहरा नेमका साधणं कठीण, पण बटांची संख्या आणि दिशा मोजून उतरवता येते. म्हणून स्पेनमधलं आणि तुर्कस्तानातलं शिर चेहऱ्यानं वेगळं वाटलं, तरी कपाळावरच्या बटा तंतोतंत सारख्या निघतात. आजची सगळी वर्गवारी यावर उभी आहे.

उदाहरण ऑगस्टसचं. त्याची दोनशेहून जास्त शिरं आज माहीत आहेत. त्यातली बहुसंख्य ‘प्रीमा पोर्ता’ या नमुन्याची, जो १८६३ मध्ये त्याची बायको लिव्हिया हिच्या वाड्यात सापडलेल्या आणि आता व्हॅटिकनमध्ये असलेल्या पुतळ्यावरून ओळखला जातो. खूण अशी : कपाळाच्या मध्याशी दोन बटा एकमेकींपासून दूर वळतात आणि त्यांच्यामध्ये काटा तयार होतो, त्याच्या बाजूला दुसऱ्या दोन बटांची टोकं एकमेकींकडे वळून चिमटा होतो. काटा आणि चिमटा योग्य क्रमानं दिसले की नाक तुटलेलं असो, गाल झिजलेले असोत, ऑगस्टसचं नाव पक्कं.

तपासताना कानापासून कानापर्यंत बटा मोजा, प्रत्येकीचं टोक कुठे वळतं ते कागदावर बाणानं मांडा आणि मग ज्ञात नमुन्याशी ताडून पाहा. डोळ्यांना ‘तसाच वाटतो’ यावर जाऊ नका. शिवाय ऑगस्टसचे नातू गायस आणि लुसियस मुद्दाम त्याच्यासारखे घडवले गेले. तिथे चेहरा सरळसरळ दिशाभूल करतो आणि बटाच सोडवतात.

पुस्तकी

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). फार छान चाललंय, पुढचे प्रतिसाद येऊ द्या.

तिसरे_शतक

बटमोजणी यांच्याशी अर्धाच सहमत. ही पद्धत ऑगस्टसपासून सेव्हेरन घराण्यापर्यंत (सेप्टिमियस सेव्हेरस, काराकाला वगैरे) उत्तम चालते. पुढे ती कोसळते, आणि हे स्पष्ट सांगायला हवं.

काराकालानंतर केस इतके आखूड झाले की बटाच उरल्या नाहीत. डोक्याच्या पृष्ठभागावर छिन्नीचे बारीक तिरपे घाव घालून केस दाखवायचे. मोजायचं काय? त्यात राजवटी अगदी लहान. २३८ या एका वर्षात मॅक्झिमिनस थ्रॅक्स, पहिला आणि दुसरा गॉर्डियन, प्युपिएनस, बाल्बिनस आणि तिसरा गॉर्डियन असे सहा सम्राट होऊन गेले. अधिकृत नमुना तयार होऊन प्रांतांत पोचेपर्यंत माणूस मेलेला असे. त्यामुळे एकेकाची शिरं अगदी मोजकी आणि नाण्यांवरच्या छब्याही आधीच्या सम्राटावरून पुढे ढकललेल्या.

व्हॅटिकनमधला फिलिप किंवा कॅपिटोलाइनमधला डेसियस हे नाण्यांशी स्पष्ट जुळतात, म्हणून पक्के. पण या काळातल्या कित्येक ‘सम्राटां’मध्ये त्याच फॅशनचे केस आणि दाढी ठेवणारे खाजगी गृहस्थ असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी प्रमाण पाहायचं. शिर खऱ्या माणसाच्या डोक्याहून बरंच मोठं असेल, किंवा एकाच चेहऱ्याच्या प्रती दोन वेगवेगळ्या शहरांत सापडल्या असतील, तर सम्राट म्हणायला जागा आहे. एकुलती एक, माणसाच्या मापाची प्रत असेल तर पाटीवर ‘तिसऱ्या शतकातला पुरुष’ इतकंच लिहावं.

बटमोजणी

@तिसरे_शतक, मान्य. प्रतींची संख्या ही कसोटी तर आधीच्या काळातही लावतात. स्त्रियांच्या बाबतीत मात्र केसांची पद्धत उशिरापर्यंत उपयोगी पडते. धाकट्या फॉस्टिनाच्या (सम्राट मार्कस ऑरेलियसच्या बायकोच्या) नाण्यांवर केशरचना बदलत जाते आणि अभ्यासक क्लाउस फिटशेननं त्यावरून तिच्या शिल्पांचे नऊ नमुने कालक्रमानं लावले. तिथे अंबाडा किती उंचीवर आहे, तो कसा गुंडाळलाय आणि कानावरून केस कसे नेलेत, हे बाजूनं पाहायचं.

छिन्नी

बदलून घडवलेल्या शिरांबद्दल मूळ प्रश्न होता, त्यावर लिहितो, कारण माझ्या मते या विषयातला सर्वांत रसाळ भाग तोच आहे.

कॅलिग्युला ४१ मध्ये मारला गेला, नीरोनं ६८ मध्ये आत्महत्या केली, डोमिशियन ९६ मध्ये मारला गेला. तिघांच्याही प्रतिमा हटवल्या गेल्या. पण चांगला संगमरवर महाग, त्यामुळे बरीच शिरं फोडण्याऐवजी पुढच्या सम्राटासाठी पुन्हा कोरली गेली : कॅलिग्युलाचा क्लॉडियस, नीरोचा व्हेस्पेशियन, डोमिशियनचा नर्व्हा. दगड काढता येतो, घालता येत नाही. सगळ्या खुणा या एका अडचणीतून जन्मतात.

१. कान. त्यांना हात लावला तर तुटतात आणि नवे करायला दगड नसतो. चेहरा आत सरकतो, कान जुन्या जागी राहतात. समोरून कान अवाजवी मोठे आणि बाहेर आलेले दिसतात.

२. मान. नीरोची मान जाड, केस मागे लांब. व्हेस्पेशियन टकला. वरचे केस तासून टक्कल करता येतं, पण मानेवरचे कुरळे केस अनेकदा तसेच राहून जातात. टकल्या माणसाच्या मानेवर लांब केस दिसले की थांबून पाहा.

३. बाजूची रेषा. कपाळ आणि चेहरा मागे तासल्यामुळे चेहऱ्याची पातळी सपाट होते आणि कानामागचं डोकं प्रमाणाबाहेर मोठं वाटतं.

४. पृष्ठभाग. मागच्या केसांची कोरणी एका हाताची, पुढची दुसऱ्या. मागे खोल, गोलसर बटा. पुढे उथळ, घाईच्या रेघा.

हे एकाच ठिकाणी निवांत पाहायचं तर व्हॅटिकनमधले कान्चेलेरियाचे शिल्पपट पाहा. मिरवणुकीत मधोमध चालणाऱ्या डोमिशियनचं शिर नर्व्हाचं केलं आहे आणि ते आजूबाजूच्या लोकांच्या शिरांपेक्षा लहान झालं आहे.

मीनाक्षी_प

छिन्नी, एक शंका. कान मोठे हे नुसत्या अडाणी कारागिराचंही लक्षण असू शकतं ना? प्रांतातल्या साध्या कामात प्रमाण चुकतंच.

छिन्नी

बरोबर शंका आहे. म्हणूनच एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. मी किमान दोन स्वतंत्र खुणा मागतो आणि त्यातली एक ‘उरलेला अवशेष’ असली पाहिजे : म्हणजे नव्या सम्राटाच्या नमुन्यात नसलेली, पण जुन्याच्या नमुन्यात नेमकी असलेली बट. कानामागे काट्याच्या आकाराची बट राहिली आणि ती डोमिशियनच्या ज्ञात नमुन्यात त्याच जागी आहे, तर शंका उरत नाही. नुसतं प्रमाण चुकलेलं असेल तर ‘बदललेलं असावं’ एवढंच म्हणावं. गेल्या काही दशकांत प्रत्येक बेढब शिराला ‘पुनःकोरीव’ म्हणायची लाट आली आहे, ती मला पटत नाही.

ओतारी

धातूमध्ये हे कसं होतं तेही नोंदवून ठेवतो. १९६८ मध्ये इटलीतल्या मिसेनमला ऑगस्टसच्या पुजाऱ्यांच्या देवळात घोड्यावरच्या डोमिशियनचा ब्राँझ पुतळा सापडला. आता तो बाइयाच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे. त्यात डोकं पूर्ण बदललं नाही. डोमिशियनचा चेहरा कापून काढला आणि त्या जागी नर्व्हाचा वेगळा ओतलेला चेहरा मुखवट्यासारखा बसवला. जोडाची रेषा केसांच्या कडेनं जाते. ब्राँझचं शिर दिसलं की कपाळाच्या वर आणि जबड्याखाली ही रेषा शोधावी.

ब्राँझ इतके कमी का उरले, तर नंतरच्या शतकांत ते वितळवले गेले. मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा वाचला तो कॉन्स्टंटाइनचा समजला गेल्यामुळे. मूळ पुतळा आता कॅपिटोलाइन संग्रहालयाच्या आत आहे, चौकात प्रतिकृती उभी आहे. बाकीचे वाचले ते गाडले गेले म्हणून. ब्रिटिश म्युझियममधलं ऑगस्टसचं मेरोई शिर कुशच्या (आजच्या सुदानमधल्या राज्याच्या) योद्ध्यांनी रोमन इजिप्तमधून पळवून नेलं आणि मेरोईला देवळाच्या पायरीखाली पुरलं, म्हणजे येणारा-जाणारा त्यावर पाय देऊन जाईल. तिथे उत्खनन करणाऱ्या गारस्टँगला ते १९१० मध्ये मिळालं. बसवलेले डोळे अजून शाबूत आहेत, जे ब्राँझमध्ये फार क्वचित दिसतं.

नाकपुराण

मूळ धाग्यात एक गोष्ट राहून गेली : समोर दिसतं त्यातलं किती मूळ आहे? नाक सर्वांत आधी तुटतं. सोळाव्या ते अठराव्या शतकात विकण्याआधी नवं नाक, नवे कान, नवी छाती लावून द्यायची पद्धतच होती. नाणेघाट यांनी नाकाची रेषा विश्वासार्ह म्हटली, ती नाण्यावरची. संगमरवराचं नाक आधी मूळ आहे का ते बघा, नाही तर अठराव्या शतकातल्या कारागिराशी नाणं ताडून पाहत बसाल.

जोड ओळखायचा कसा? नैसर्गिक मोड वेडावाकडा असतो. नवा तुकडा बसवण्यासाठी दुरुस्ती करणारा कडा सपाट तासून घ्यायचा, त्यामुळे सरळ रेषेतला सांधा म्हणजे दुरुस्ती. आत लोखंडी खिळा असेल तर तो गंजून फुगतो, तांबूस डाग येतो आणि सांध्यापाशी दगड तडकतो. नव्या तुकड्याचे कण वेगळ्या आकाराचे दिसतात. जमिनीत पुरलेल्या दगडावर मुळांच्या बारीक तपकिरी रेषा उमटतात. त्या सांध्यापाशी अचानक थांबल्या की पलीकडचा भाग नंतरचा.

कोपनहेगनच्या न्यू कार्ल्सबर्ग ग्लिप्टोटेकनं विसाव्या शतकात अशा दुरुस्त्या काढून टाकल्या आणि काढलेली नाकं, कान, हनुवट्या एका कपाटात मांडल्या. ते कपाट आजही तिथे आहे आणि दालनाइतकंच शिकवून जातं.

मीनाक्षी_प

नाकं काढून टाकणं योग्य होतं असं वाटत नाही. अठराव्या शतकातली दुरुस्ती हीदेखील त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे. शिवाय नवं नाक बसवण्यासाठी मूळ कडा आधीच तासल्या गेल्यात. नाक काढल्यावर दिसते ती सपाट जखम, मूळ मोड नव्हे. खिळा गंजून दगड फोडत असेल तर काढावंच लागेल, एरवी राहू द्यावं आणि पाटीवर रेखाचित्र देऊन नवा भाग वेगळ्या रंगात दाखवावा.

नाकपुराण

रेखाचित्राची सूचना शंभर टक्के मान्य. सर्व संग्रहालयांनी हे करायला हवं.

शिल्परेषा

दगडाचा काळ साध्या डोळ्यांनी सांगता येईल अशा ढोबळ खुणा कोणी एकत्र देईल का?

गिरमिट

देतो.

डोळे : साधारण १३० पर्यंत बुबुळ कोरत नव्हते, रंगवत होते. हेड्रियनच्या राजवटीत बुबुळाची कड कोरायची आणि बाहुलीला भोक पाडायची पद्धत रूढ झाली. ऑगस्टसच्या शिरावर कोरलेली बाहुली दिसली तर शिर नंतरचं आहे, किंवा डोळे नंतर कोरलेत.

दाढी : पूर्ण दाढी ठेवणारा पहिला सम्राट हेड्रियन. त्याच्या आधीचा दाढीवाला ‘सम्राट’ तपासून घ्यावा. मात्र नीरोच्या एका नमुन्यात गालांवर हलकी दाढी आहे.

गिरमिटाचा वापर : अँटोनाइन काळात (हेड्रियननंतर, मार्कस ऑरेलियस आणि कॉमोडसच्या वेळी) केसांत गिरमिटानं खोल चर पाडले आणि चर तुटू नयेत म्हणून मध्ये दगडाचे बारीक पूल ठेवले. त्वचा घासून चकचकीत, केस खरखरीत. कॅपिटोलाइनमधला हर्क्युलीसच्या वेषातला कॉमोडस याचा सर्वोत्तम नमुना. तो १८७४ मध्ये एस्क्विलाइन टेकडीवर सापडला.

छातीचा भाग : पहिल्या शतकाच्या सुरुवातीला अर्धपुतळा गळ्याच्या हाडाशीच संपतो. फ्लेव्हियन काळात (व्हेस्पेशियन ते डोमिशियन) खांद्यांच्या कडा येतात, ट्रेजनच्या वेळी छाती, हेड्रियनच्या वेळी दंडांचा वरचा भाग, आणि पुढे तो आणखी खाली उतरतो. पण ही खूण मान आणि छाती अखंड एकाच दगडातली असेल तरच लावायची. मानेभोवती सांधा दिसला तर छातीवरून काळ काढू नका. पुष्कळ छात्या रोमन नाहीतच.

रंगारी

पांढरेपणाबद्दलही बोलू या. हे पुतळे रंगवलेले होते आणि उरलेला रंग सापडतो. ग्लिप्टोटेकमधल्या कॅलिग्युलाच्या शिरावर असे अवशेष मिळाले आणि त्यावरून रंगीत प्रतिकृती केल्या गेल्या.

इजिप्शियन निळा शोधायची पद्धत सांगतो. हा तांब्यापासून बनवलेला कृत्रिम रंग दृश्य प्रकाशात उजळला की अदृश्य अवरक्त किरणांत, सुमारे ९१० नॅनोमीटरला, चमकतो. कॅमेऱ्याच्या आतला अवरक्त रोखणारा फिल्टर काढून टाकायचा, भिंगावर फक्त अवरक्त जाऊ देणारा फिल्टर लावायचा, खोलीत पूर्ण अंधार करायचा आणि पुतळ्यावर एलईडीचा प्रकाश टाकायचा. डोळ्यांना न दिसणारा एखादा कणही पांढऱ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. चूक होते ती दिव्याच्या निवडीत. तंतूचा जुना बल्ब किंवा हॅलोजन स्वतःच अवरक्त फेकतो, मग सगळा पुतळाच उजळतो आणि निकाल निरर्थक होतो. खिडकीतून ऊन आलं तरी तेच.

अतिनील दिव्याखाली मंजिष्ठेच्या जातीचा लाल-गुलाबी रंग नारिंगीसर चमकतो. त्याच दिव्याखाली जुना पृष्ठभाग ठिपक्याठिपक्यांचा पिवळसर-पांढरा दिसतो आणि नव्यानं तासलेला भाग जांभळट. नाकपुराण यांचे सांधे इथे लगेच उघडे पडतात. पण आम्लानं धुतलेल्या पुतळ्यावर यातलं काहीच चालत नाही. पृष्ठभागच गेलेला असतो.

खाणकामगार

दगड कुठल्या खाणीचा, हाही पुरावा आहे. मागच्या बाजूनं किंवा जुन्या मोडातून काही मिलिग्रॅम भुकटी काढतात. वरचा झिजलेला थर आधी बाजूला टाकावा लागतो, कारण त्यातली मूल्यं बदललेली असतात. मग कार्बन-१३ आणि ऑक्सिजन-१८ यांचं प्रमाण मोजून ज्ञात खाणींशी ताडतात. अडचण अशी की कारारा (इटली), पारोस (ग्रीस) आणि गोकटेपे (तुर्कस्तान) या खाणींची क्षेत्रं आलेखावर एकमेकांत शिरतात. म्हणून कणांचा आकार, मँगनीज आणि स्ट्राँशियमही मोजतात. अफ्रोडिसियासजवळच्या गोकटेपेच्या दगडात मँगनीज अगदी कमी आणि स्ट्राँशियम जास्त असतं. या खाणी अभ्यासकांच्या लक्षात येऊन दोन दशकंच झाली आहेत. त्याआधी कारारा किंवा पारोस म्हणून नोंदलेली, हेड्रियननंतरची बरीच उत्तम शिरं तिथल्या दगडाची निघाली.

जोगलटेंभी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. छिन्नी यांनी सांगितलेला प्रकार आपल्याकडे नाण्यांवर झाला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप नहपानाची : त्याचा चेहरा आणि कडेनं ग्रीक अक्षरं. त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःची चिन्हं पुन्हा ठोकली. नहपानाचा चेहरा खाली अर्धवट दिसत राहतो. हरलेल्या राजाचं तोंड पुसायचं आणि चांदी चलनात ठेवायची, हा हिशोब रोमच्या संगमरवरासारखाच आहे.

रोमन सम्राटांचे चेहरे दक्षिणेत तर ढिगानं आले. पुदुकोट्टईला १८९८ मध्ये ५०१ सोन्याची नाणी मिळाली आणि त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव आहे.

नाणेघाट

@जोगलटेंभी, घाव नेहमी चेहऱ्यावरच आहे, हे महत्त्वाचं. धातूचा कस पाहायचा तर कडेला टोचलं तरी भागतं. परकं नाणं चलनातून बाद करून फक्त सोन्याच्या वजनावर चालवायचं म्हणून घाव घातले, हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं. नहपानाशी एक फरक आहे : तिथे नवा राजा स्वतःची मुद्रा देतो, इथे फक्त जुनी रद्द होते.

तिसरे_शतक

रद्द करण्याचं सर्वांत बोलकं उदाहरण बर्लिनमध्ये आहे. लाकडी फळीवर रंगवलेलं सेव्हेरन कुटुंब, सुमारे २०० मधलं, व्यास साधारण ३० सेंटिमीटर. सेप्टिमियस सेव्हेरस, त्याची बायको ज्युलिया डोम्ना आणि दोन मुलं, काराकाला आणि गेटा. काराकालानं गेटाला मारल्यावर त्याचा चेहरा खरवडून काढला गेला. बाकी तिघे जसेच्या तसे.

शिल्परेषा

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाचा शेवटचा भाग अजून बाकी आहे : दालनात, हातात फक्त फोन असताना, कोणत्या क्रमानं पाहायचं?

छिन्नी

पाटी शेवटी वाचायची. आधी बाजूनं बघा : चेहऱ्याची रेषा, कानाची जागा, मागच्या डोक्याचं आकारमान. मग मागे जा. भिंतीला टेकवलेलं असेल तर निदान दोन्ही बाजूंनी जितकं जाता येईल तितकं. मानेभोवती आणि नाकाच्या मुळाशी सांधे शोधा. त्यानंतर समोर येऊन बटा, डोळे.

फोटो काढताना भिंग शिराच्या डोळ्यांच्या उंचीवर हवं. सम्राटांच्या दालनात अर्धपुतळे दोन थरांत मांडलेत. खालून काढलेल्या फोटोत कपाळ आखडतं, हनुवटी फुगते आणि ताडून पाहायला फोटो निकामी ठरतो. वर नेता येत नसेल तर मागे सरकून झूम वापरा. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून असे चार फोटो, आणि पाचवा नोंदणी क्रमांकाचा. नाव बदलतं, क्रमांक सहसा बदलत नाही. घरी आल्यावर त्या क्रमांकावरून शोध घ्या, नाण्यांसाठी ‘ऑक्रे’ आणि शिल्पांसाठी ‘आराख्ने’ हे संग्रह सगळ्यांना खुले आहेत.

ओतारी

आणि पाटीवर सापडल्याचं ठिकाण आहे का, ते जरूर पाहा. ‘आशिया मायनरमधून आलं असावं’ असं मोघम असेल तर बहुधा चोरटं उत्खनन. तुर्कस्तानातल्या बुबोनला १९६० च्या दशकात सम्राटांच्या देवळातले ब्राँझ पुतळे लुटले गेले आणि अमेरिका-युरोपात पांगले. मागे चौथरे राहिले, नावांसकट. क्लीव्हलँडच्या संग्रहालयानं १९८६ मध्ये घेतलेला बिनडोक्याचा झगेवाला पुतळा वर्षानुवर्षं ‘बहुधा मार्कस ऑरेलियस’ म्हणून उभा होता. २०२३ मध्ये जप्तीचा आदेश निघाला तेव्हा पाटी बदलून ‘वस्त्रधारी पुरुष’ झाली. संग्रहालय कोर्टात गेलं. मग पुतळ्यातली माती आणि शिसं तपासलं, बुबोनशी जुळलं, आणि २०२५ मध्ये तो परत द्यायचं ठरलं. कोपनहेगननंही सेप्टिमियस सेव्हेरसचं ब्राँझ शिर तुर्कस्तानला परत देण्याचा निर्णय २०२४ मध्ये घेतला.

शिल्परेषा, तुम्ही सुरुवातीला चौथरा आणि पुतळा एकत्र सापडत नाहीत म्हणालात. बुबोनला ते एकत्रच होते.